पाण्याकडे तोंड करून

दामू, काल तलावातल्या मासळीची यंदाची शेवटची काढणी झाली आणि लोकांनी तुझ्या जागेवर मला बसवलं.

तू जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोललो नाही. तेरवीला एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता. किसनभाऊ, तुम्हीही दोन शब्द बोला, लोक मला म्हणाले. मी मान हलवली आणि पत्रावळी उचलायला लागलो. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याच्याबद्दल चांगलं बोलायची मला सवयच नाही. शिवाय मी थकलो आहे. तू होतास तेव्हाही थकायचो, पण ते भांडून आलेलं थकणं होतं. घरी येऊन दोन घास जास्त जायचे. आता सकाळी उठल्यापासूनच अंग जड असतं आणि कोणाचं काही खोडून काढावं असं वाटत नाही.

काल जे झालं ते मात्र तुला सांगायलाच हवं. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण मलाच ते नीट लावून बघायचं आहे.

आपल्या भांडणाची सुरुवात चंद्रपूरच्या कॉलेजात झाली. अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे भांडवलशाही, उजवीकडे समाजवाद. खाली मुद्दे. मी भराभर उतरवून घेत होतो. तू हात वर करून विचारलंस, सर, आमच्या गावचा तलाव कोणत्या बाजूला लिहू? तलाव मालगुजाराने बांधला, मग सरकारचा झाला, मासे संस्थेचे, पाणी धानाच्या बांध्यांचं आणि शिंपले कोणीही वेचावेत. सर हसले. हे परीक्षेत येणार नाही, म्हणाले. वर्ग हसला, मीही हसलो. तू हसला नाहीस. बसने गावाकडे येताना तू मला विचारलंस, "काऊन हासला बे तू? तुले उत्तर येते काय?"

मला उत्तर येत नव्हतं. पण तू उजवी, समाजवादाची बाजू धरलीस म्हणून मी डावी, भांडवलशाहीची धरली. दोस्तीत तसंच असतं, एकाने बैलाचं एक शिंग धरलं की दुसऱ्याला दुसरं धरावं लागतं.

मार्कंड्याच्या जत्रेतलं आठवतं? तेव्हा त्या घाटावर पूल नव्हता. महाशिवरात्रीला माणसं डोंग्यातून वैनगंगा उतरायची आणि आपल्या ढिवरांच्या डोंग्यांची पाळी लागलेली असायची. एकाचा डोंगा गेला की दुसऱ्याचा. मी तरणाताठा, माझे हात जोरात चालायचे, दोन फेऱ्यांच्या वेळात तीन व्हायच्या. म्हाताऱ्या सोमाजीचा डोंगा मात्र पाण्यात झोपल्यासारखा जायचा आणि पाळी त्याची म्हणून सगळी रांग उन्हात उभी. मी पाळी मोडून माणसं भरली. तू डोंग्याची दोरी धरून ठेवलीस आणि सोडेचना. आपली मारामारी यात्रेकरूंनी सोडवली. मी म्हणालो, लेकुरवाळ्या बाया उन्हात तापतात, हा तुझा समाजवाद? तू म्हणालास, सोमाजीला एकही फेरी मिळाली नाही तर तो काय खाईल? दामू, आपलं दोघांचंही खरं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, पण कबूल करायला चाळीस वर्षं लागली आणि आता ऐकायला तू नाहीस.

पुढे तू मासेमार संस्थेचं काम अंगावर घेतलंस. मी आधी मोटारसायकलवर बर्फाची पेटी बांधली, मग टेम्पो घेतला आणि राजुऱ्यापर्यंत मासळी पोचवायला लागलो. संस्थेचा सभासद मीही होतोच, आणि सभेत तुला छळायला मी कधी चुकलो नाही. एका वर्षी भरपूर रोहू निघाला आणि बर्फ कोणी आणायचा यावर मंडळी दुपारपर्यंत बोलत बसली. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. अर्धी मासळी नासली. मी बांधावर उभा राहून सगळ्यांदेखत म्हटलं, बारभाईची खेती, काय लागेल हाती. तुझं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, हेही आज सांगून टाकतो.

तूही काही गप्प बसणारा नव्हतास. बळी तो कान पिळी, हे तुझं ठरलेलं उत्तर. मालक नसलेल्या वस्तूची काळजी कोणी घेत नाही, असं मी म्हटलं की तू विचारायचास, वैनगंगेचा मालक कोण? ती तर वाहून राह्यली ना? मग मी विचारायचो, वाळू कोण उपसून नेतं ते बघितलं का? राजुऱ्याकडे गेलो की वाद आणखी पेटायचा. तिथे कोळशाची खाण सरकारी आणि पलीकडचा कारखाना शेठचा. तू खाणीकडे बोट दाखवून म्हणायचास, ही तुझी-माझी आहे. एकदा मी टेम्पोच्या काचेवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट तुला दाखवलं आणि विचारलं, ही धूळ सरकारी की खासगी, ओळख. त्या दिवशी तू खदखदून हसलास. तुझ्या हसण्याने वाद संपला असं फार कमी वेळा झालं.

आपल्या भागात समाजवाद हा शब्द जपूनच बोलावा लागतो. एकदा नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली, तुझ्या पिशवीत पुस्तकं निघाली आणि दोन तास आपल्याला बसवून ठेवलं. सुटल्यावर मी तुझ्यावर चिडलो होतो. तू शांतपणे म्हणालास, बंदूक दाखवून वाटलेला मासा कोणाच्या घशाखाली उतरत नाही, हे मी त्या साहेबांनाही सांगितलं आणि जंगलातून कोणी आलं तर त्यालाही हेच सांगीन. भीती तुला वाटत नव्हती असं नाही.  तरी तू बोललास. मी तुला कधी सांगितलं नाही, पण घरी जाऊन ही गोष्ट मी बायकोला, इंदिरेला कौतुकाने सांगितली होती.

मग ठेक्याची तीन वर्षं. संस्था मोडकळीला आली होती, तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा की नाही यावर हात वर करायचे होते, आणि मी ठेक्याच्या बाजूने हात वर केला. ठेकेदाराने बीज चांगलं टाकलं, खाद्य टाकलं, मासे असे निघाले की तसले मी आजवर पाहिले नाहीत. मी अजूनही म्हणतो, मासळी त्याचीच चांगली होती. पण त्याने बांधावर राखणदार बसवला. भिवराबाई तिची हातजाळी घेऊन काठाला शिंपले आणि झिंगे वेचायला गेली, तर राखणदाराने तिला परत पाठवलं. नवरा नाही, लेकरू नाही, कमरेतून वाकलेली बाई. तिची संध्याकाळची भाजी त्या काठावरच होती. तू तिला घेऊन माझ्या दारात आलास आणि एवढंच म्हणालास, "हिले सांग, तुह्या बाजूचा मुद्दा सांग हिले."  पुढे चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस.

ठेका संपला आणि तलाव परत संस्थेकडे आला. तेव्हा तुझी पाठमोरी बैठकही परत आली.

ती बैठक आपल्या बापजाद्यांपासूनची. उन्हाळ्यात पाणी आटलं की शेवटचं जाळं ओढायचं. मोठी मासळी व्यापाऱ्याकडे जाते, पण या शेवटच्या जाळ्यातली विकायची नाही, ती घरी खायची. चाळीस घरं, चाळीस ढीग, बांधावर एका ओळीत. तराजू नाही, सगळं नजरेने. कितीही सारखे केले तरी एखाद्या ढिगात मोठी, कमी काट्यांची मरळ जाते, एखाद्यात नुसती काटेरी लहान मासळी. म्हणून एका माणसाने ढिगांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून खाली बसायचं. दुसरा काठी घेऊन मनाला येईल त्या ढिगावर टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? बसलेला माणूस एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याचा तो ढीग, त्यात वाद नाही.

पंचवीसएक वर्षं तू बसलास आणि काठी माझ्या हातात राहिली. संस्थेच्या सर्वात मोठ्या टीकाकाराच्या हातात काठी असावी, म्हणजे कोणी शंका घेणार नाही, ही तुझीच युक्ती. बसणाऱ्याला दिसत नाही आणि दाखवणाऱ्याला नाव घेता येत नाही, याहून सरळ वाटणी जगात नाही, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, ही सरळ वाटणी नाही, ही सोडत आहे. जो छातीभर पाण्यात जाळं ओढतो त्याला काटे आणि जो काठावर विडी ओढतो त्याला मरळ, हा कुठला न्याय? आणि वर एक प्रश्न ठेवून द्यायचो, ज्याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. हे सगळं तू आहेस तोवर, दामू. तू गेल्यावर कोण बसेल?

थट्टेत विचारायचो रे. तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा तो प्रश्न जिभेवर आला. विचारला नाही. आपण पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या जावयाबद्दल बोललो. शेवटच्या दिवशी तू म्हणालास, किसन, भांडत नाहीस आजकाल, मी लवकर मरतो काय? मी म्हटलं, डॉक्टरने मला मनाई केली आहे. तू हसलास आणि खोकलास. तेवढंच.

तेरवीनंतर संस्थेचा अध्यक्ष गजानन चार माणसांना घेऊन माझ्याकडे आला. दामूभाऊ होते तोवर रेटलं, आता कोणाला झेपत नाही, म्हणाला. किसनभाऊ, तुमच्याकडे टेम्पो आहे, बर्फ आहे, ओळखी आहेत. तलाव तुम्हीच ठेक्याने घ्या. बाहेरच्यापेक्षा घरचा बरा.

बघ दामू, चाळीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. मंडळी आपल्या पायांनी चालत येऊन मला तलाव देत होती. मला कसलाच आनंद झाला नाही. राखणदार बसवणार नाही असं मी मनाशी ठरवलं, पण माझ्यानंतर माझा जावई बसवणार नाही हे कोण सांगेल? काढणी होऊ द्या, मग सांगतो, म्हटलं. तेव्हा गजानन म्हणाला, "मंग काढणीले तुमीच बसा जी दामूभाऊच्या जागी. दुसऱ्यावर लोकायचा भरोसा नाई."

म्हणून काल सकाळी सातच्या सुमाराला मी तुझ्या जागी जाऊन बसलो. बांधाच्या खाली तो सपाट दगड. माझ्या पाठीमागे उंच बांधावर ढीग, त्यांच्या मागे नुकतं वर आलेलं ऊन. समोर आटलेल्या तलावाची वाळून पांढरी पडलेली जमीन आणि पार पुढे उरलेलं पाणी. गजाननने काठी टेकवली आणि विचारलं, हा कोणाचा?

आणि दामू, त्याची सावली माझ्या समोर पडली.

लांबच लांब सावली. डोकं, खांदे, हातातली काठी, सगळं त्या पांढऱ्या जमिनीवर. तो बांधावर कुठे उभा आहे ते दिसत होतं, डावीकडून कितव्या ढिगापाशी तेही मोजता येत होतं. ढीग लावताना मी पाहिलेच होते. मरळ कुठे आहे, काटे कुठे आहेत, मला ठाऊक होतं. मी त्या सावलीकडे बघत राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, भाऊला दामूभाऊची आठवण झाली असेल, थांबा जरा.

आठवण तर झालीच, पण तुझ्या चांगुलपणाची नव्हे. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की लबाडा, पंचवीस वर्षं तुला दिसत होतं! आणि दिसत होती ती माझीच सावली. भांडवलशाहीची बाजू घेऊन मी बांधावर काठी आपटत होतो आणि माझीच सावली खाली तुला सगळं सांगत होती.

मग एकेक वर्ष डोळ्यांपुढून गेलं. भिवराबाईला दर साली मोठा ढीग, म्हणून तिचा हात नशीबवान समजून गावातल्या बाया पेरणीच्या दिवशी मूठभर धान आधी तिच्या हाताला लावून घेतात. इंदिरेचं ऑपरेशन झालं त्या साली माझ्या नावावर मरळ आली आणि मी तुला चिडवलं होतं, देव भांडवलवाल्यांच्या बाजूचा आहे. तू मान खाली घालून पायातला काटा काढत होतास. आणि मी ठेक्याला हात वर केला, तो ठेका संपल्यावरच्या पहिल्या काढणीत माझ्या वाट्याला निव्वळ काटे आले! मी ते नशीब समजून खाल्ले. दामू, त्या बाबतीत तुला मी माफ करणार नाही.

तुझ्या स्वतःच्या घराचा ढीग मात्र कधी भरला नाही. ज्याला नशीबच नाही त्याने दुसऱ्यांना वाटून काय द्यायचं, असं लोक म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचो.

काल मी काय केलं ते ऐक. आधी डोळे मिटले. नियम म्हणजे नियम, दिसता कामा नये. डोळे मिटून दहा-बारा नावं घेतली. मग मध्येच भिवराबाई खोकली. ती बांधाच्या टोकाला टोपली घेऊन बसली होती. माझे डोळे उघडले ते उघडलेच. चांगल्या ढिगावर सावली आली तेव्हा मी तिचं नाव घेतलं. आणि सगळ्यात मोठी मरळ ज्या ढिगात होती तिथे सावली थांबली तेव्हा मी तुझ्या घराचं नाव घेतलं.

उठताना गुडघे धरून आले होते. गजाननने ठेक्याचं विचारलं, मी संध्याकाळी सांगतो म्हणालो. माझं मनात ठरलं होतं. ठेका घ्यायचा की नाही हे नंतर, आधी सगळ्यांना सावलीचं सांगायचं. बसणाऱ्याचा दगड तिथून हलवायचा, ढीग झाडाखाली लावायचे. एका माणसाच्या भलेपणावर चाललेली व्यवस्था मला तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाही. भला माणूस दर साली कुठून आणायचा? उद्या त्या दगडावर दुसरा कोणी बसेल आणि आपल्याच भावकीला मरळ वाटेल. तुझ्या समाजवादातला सगळ्यात मोठा खड्डा तुझ्याच बुडाखाली होता, आणि तुला तो माहीत होता, म्हणून तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

तुझा वाटा टोपलीत घालून मी तुझ्या घरी गेलो. सुलोचनावहिनी ओसरीवर मोहफुलं वाळत घालत होत्या. टोपली खाली ठेवली. त्यांनी मरळ बघितली, पुष्कळ वेळ बघितली, पदराने हात पुसला.

"हे बसत तवा आपल्या घरी मरळ कधी आली नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नशीब एखाद्या वेळी फिरतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले बी सावली दिसली काय?"

 चाळीस वर्षांचा तुझा दोस्त मी, मला सांगितलं नाहीस आणि घरी सांगितलंस. या बाईने पंचवीस उन्हाळे काटे शिजवले, सारं ठाऊक असून. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो आणि रडलो, दामू. तेरवीला नाही, तिथे रडलो. मग डोळे पुसून त्यांना म्हटलं, वहिनी, हे बरोबर नाही, आज लोकांना सांगून टाकतो, दगड हलवतो.

त्या मोहफुलं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा ना. सांगाच. पण भिवराबाई हाये तवर नोका सांगू."

मरळ त्यांनी तिथेच चिरली आणि अर्धी माझ्या टोपलीत टाकली.

संध्याकाळी मंडळी आली. ठेका घेत नाही, संस्थेलाच टेम्पो आणि बर्फ लावतो, एवढं सांगितलं. पुढल्या साली बसायचं कोणी, असं गजाननने विचारलं. मी म्हटलं, मीच बसतो, त्याच दगडावर.